शनिवार पेठेंतील वह्या आणि मेघांतील कोठार



आजचा विषय माझ्या वयाला शोभणारा नाहीं, असें आपणांपैकीं पुष्कळांस वाटेल. मी मॅट्रिक झालेला आणि अडतीस वर्षें प्राथमिक शाळेंत मुलांचीं शुद्धलेखनें तपासून निवृत्त झालेला शिक्षक आहें. संगणकाचें रीतसर शिक्षण मला मुळींच नाहीं. परंतु संगणकांतील मजकूर प्रोग्रामच्या द्वारें दूरच्या कोठारांत, म्हणजे हल्लीं ज्याला सर्वजण क्लाउड म्हणतात त्यांत, कसा पाठवितात आणि पाठवितांना तो कसा नाहींसा होऊं शकतो, ह्याचा अनुभव मला आमच्या घरांतच आला. ज्यांना हें शास्त्र उत्तम येतें त्यांना असल्या फजितीची हकीकत सांगण्याची पाळी सहसा येत नाहीं. म्हणून ती मीच सांगतों.

हकीकतीचा आरंभ मात्र संगणकापासून होत नाहीं, पुरापासून होतो. १२ जुलै १९६१ ह्या दिवशीं सकाळीं पानशेतचें धरण फुटलें. त्याच्या लोंढ्यापुढें खडकवासल्याच्या धरणाचाही निभाव लागला नाहीं, आणि मुठेचें पाणी शनिवार, नारायण, कसबा ह्या नदीकांठच्या पेठांत शिरलें. मी त्या वेळीं चार वर्षांचा होतों. आमचें बिऱ्हाड शनिवार पेठेंत, ओंकारेश्वराच्या बाजूस, एका वाड्याच्या तळमजल्यावर होतें. वडिलांनीं मला खांद्यावर घेतलें होतें आणि आईच्या हातांत पितळेचा एक डबा होता, एवढेंच मला स्वतःला आठवतें. बाकीचें सारें पुढें ऐकून ऐकून आठवणीसारखें झालेलें आहे.

पाणी ओसरल्यावर गाळांतून आमची पत्र्याची ट्रंक निघाली. तींत सात वह्या होत्या. तीन वडिलांच्या व चार आईच्या. वडील निळ्या शाईनें लिहीत. आई पेन्सिलीनें लिही, कारण शाई व टांक हीं तिच्या मतें कर्त्या पुरुषाचीं साधनें होतीं आणि स्वयंपाकघरांत बसून लिहिणाराला पेन्सिलीचा तुकडा पुरे होता. दोरीवर घालून वह्या वाळविल्या, तेव्हां वडिलांच्या तिन्ही वह्यांत निळसर डागांखेरीज कांहीं उरलें नव्हतें. आईच्या वह्यांचीं पानें चुरगळलीं, कडा गेल्या, पुष्कळ अक्षर पुसट झालें, पण राहिलें. शाई पाण्यांत विरघळते आणि पेन्सिलीचें शिसें विरघळत नाहीं, एवढाच त्यांतला भेद. वडील त्यानंतर तीस वर्षें जगले; परंतु त्यांनीं पुन्हां वही घातली नाहीं.

आईच्या वह्यांत काय होतें, असें कोणी विचारील. दुधाचा व दळणाचा हिशेब होता; कोणाला किती उसने दिले आणि त्यांतले किती परत आले, तें होतें. बाळंतिणीच्या खुराकाच्या कृति, नातलगांच्या जन्मतिथि, गौरींच्या वेळीं कोणास काय दिलें त्याची याद, आणि मधूनमधून, जेथें जागा सांपडेल तेथें, तिच्या माहेरच्या जात्यावरच्या ओव्या. तिचें माहेर मुळशीकडचें. असल्या ओव्यांचें मोल आम्हां शिकलेल्या मंडळींस फार उशिरां कळलें. पुण्यांतच गी प्वातवँ आणि हेमा राईरकर ह्या दोघांनीं गांवोगांव हिंडणाऱ्या आपल्या सहकाऱ्यांसह खेड्यांतील बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या आणि २०१७ पासून त्या लोकांस ‘पारी’ ह्या संग्रहाच्या द्वारें वाचावयास व ऐकावयास मिळूं लागल्या, हें मी वाचलें, तेव्हां मला आईच्या वह्यांची प्रथमच लाज न वाटतां चिंता वाटली. चिंता अशी, कीं पेन्सिलीचें अक्षर पाण्यानें गेलें नाहीं तरी घासून घासून जातच होतें.

म्हणून २०१७ साली मीं त्या चार वह्या संगणकावर उतरवून काढण्यास आरंभ केला. दोन बोटांनीं लिहिणारा मी. रोज एक पान झालें तरी पुष्कळ. चौथ्या वहींतील नऊ पानें मात्र माझ्यानें वाचवत ना. भिंगानेंही केवळ उभ्या रेघा दिसत. तेव्हां मीं ती वही घेऊन मावशीकडे गेलों. तिचें वय त्या वेळीं एक्याण्णव होतें. डोळ्यांनीं तिला पान दिसत नव्हतें. परंतु एखादें अक्षर मीं वाचून सांगितलें, कीं ती पुढची ओळ म्हणून दाखवी, आणि मी ती तशीच संगणकावर लिहून घेईं. सत्तावीस ओळी अशा रीतीनें मिळाल्या. त्या कागदावर कोठेंच उतरविल्या नाहींत. संगणकावर लिहिलें म्हणजे लिहिलें, असें मी समजत होतों. मावशी २०२० साली वारली.

आतां क्लाउड म्हणजे काय तें सांगितलें पाहिजे. कालिदासाच्या यक्षानें मेघाबरोबर निरोप पाठविला हें आपणांस ठाऊकच आहे. हा मेघ तसला नव्हे.  हा मेघ आकाशांत नाहीं, जमिनीवरच आहे. मोठमोठ्या थंड केलेल्या इमारतींत हजारों संगणक रात्रंदिवस चालू असतात, आणि त्यांतील जागा कंपन्या भाड्यानें देतात. पुणेकरांस ही गोष्ट विशेष जवळची वाटावी, कारण मायक्रोसॉफ्ट कंपनीनें २०१५ साली अझ्युअर नांवाच्या आपल्या सेवेचे भारतांतले जे तीन विभाग उघडले, त्यांपैकीं एक पुण्यास आहे; दुसरे दोन मुंबईस व चेन्नईस. पेठेंतला मनुष्य ज्याला मेघांत ठेविलें म्हणतो तें कदाचित् आपल्याच गांवीं असेल.

ह्या कोठारांत वस्तु ठेवण्याची रीत टपालाच्या पुडक्यासारखी आहे. कोठारांत खण असतात. खणास नांव असतें. खणांत जो जिन्नस ठेवावयाचा त्यासही नांव द्यावें लागतें. अझ्युअरमध्यें ह्या जिनसेस ब्लॉब म्हणतात. म्हणजे आकार नसलेला गोळा. नांव हास्यास्पद आहे, पण अन्वर्थक आहे. आपण त्यांत ओवी ठेविली, छायाचित्र ठेविलें किंवा गाणें ठेविलें, कोठाराला सगळें सारखेंच. कोठार आंत काय आहे तें वाचीत नाहीं. त्याला मिळतात ते केवळ आंकडे, शून्यापासून दोनशें पंचावन्नपर्यंतचे. अशा एका आंकड्याला बाइट म्हणतात.

माझ्या हकीकतीचें सारें मर्म येथें आहे. प्रोग्रामच्या आंत जो मजकूर असतो तो अक्षरांचा असतो, आणि पुडकें जातें तें बाइटांचें. मधें कोणीतरी अक्षरांचे बाइट केले पाहिजेत. जगांतील सर्व लिप्यांस एकाच यादींत क्रमांक देण्याचें काम युनिकोड ह्या मानकानें केलें. त्याची पहिली आवृत्ति १९९१ सालची. तींत देवनागरीलाही जागा मिळाली. त्याच्या आधीं भारतीय लिप्यांसाठीं इस्की नांवाचें आपलें स्वतःचें मानक झालें होतें, आणि देवनागरीची मांडणी युनिकोडनें त्यावरूनच घेतली. त्या इस्कीच्या कामाशीं आपल्या पुण्यांतील सी-डॅक ह्या १९८८ साली निघालेल्या संस्थेचा निकटचा संबंध आहे. परम संगणकाची कीर्ति सर्वांनीं ऐकली. पण ‘ळ’ अक्षर यंत्राला कळावें म्हणून झालेल्या खटपटीची कीर्ति कोणीं ऐकलेली दिसत नाहीं.

क्रमांक झाले, तरी त्यांचे बाइट कसे करावयाचे हा प्रश्न उरतोच. आज जी रीत सर्वत्र चालते तिचें नांव युटीएफ-८. केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक ह्या दोघांनीं ती १९९२ च्या सप्टेंबरांत अमेरिकेंतील न्यू जर्सी येथें एका खानावळींत, ताटाखालीं घालावयाच्या कागदावर आंखली. ह्या रीतीप्रमाणें इंग्रजी अक्षरास एक बाइट लागतो आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन. चिन्ह म्हणजे आपण शाळेंत शिकवितों तें अक्षर नव्हे; वेलांटी निराळी मोजतात, काना निराळा, अनुस्वार निराळा, आणि पाय मोडल्याची खूणही निराळी. आमच्या पेठेचेंच नांव घ्या. ‘शनिवार’ ह्यांत आपल्या कानाला चार अक्षरें ऐकूं येतात. यंत्राच्या हिशेबीं तीं सहा चिन्हें आहेत: श, न, न ची वेलांटी, व, व चा काना आणि र. प्रत्येकास तीन, म्हणजे अठरा बाइट. पहिल्या ‘श’ चे तीन बाइट २२४, १६४ आणि १८२ असे आहेत. चार, सहा आणि अठरा हे तीन आंकडे ज्याच्या डोक्यांत एकमेकांपासून निराळे राहिले, त्याला ह्या विषयांतलें अर्धें संकट टाळतां येईल. कारण पुडक्यावर त्याची लांबी लिहावी लागते, आणि ती बाइटांत लिहावी लागते. तयार साधन वापरलें तर तें आपणच मोजतें. पण कोणी हातानें पुडकें बांधून त्यावर अठराच्या ऐवजीं सहा लिहिले, तर कोठार सहाच बाइट वाचील आणि ‘शनिवार’ मधून ‘शन’ एवढेंच आंत जाईल. इंग्रजींत ही चूक कधींच उघडी पडत नाहीं, कारण तेथें दोन्ही आंकडे सारखेच येतात. इंग्रजीवर तपासलेला प्रोग्राम मराठीवर पंगु ठरतो तो असा.

आमच्या घरीं घडलें तें ह्याच्याही पलीकडचें. २०२२ साली माझा संगणक फार जुना झाला होता. मधेंच बंद पडे. पुतण्याची मुलगी, म्हणजे माझी नात, त्या वेळीं महाविद्यालयांत होती. ती म्हणाली, “आजोबा, पेन-ड्राइव्हवर ठेवूं नका, हरवाल. मी प्रोग्राम लिहितें. सगळ्या फाइली क्लाउडवर जातील.” तिनें पायथन नांवाच्या भाषेंत तो लिहिला. तो प्रत्येक फाईल उघडी, मजकूर वाची, त्याचे बाइट करी, आणि कोठाराकडे पाठवी. कोठाराकडून आंकड्यांत उत्तर येतें: दोनशें एक, म्हणजे वस्तु नवी निर्माण झाली. हीच पोंचपावती.

पहिल्या खेपेस प्रोग्राम थांबला. पडद्यावर इंग्रजींत तक्रार आली, कीं हीं चिन्हें मला बाइटांत बसवितां येत नाहींत. कारण असें, कीं तिनें ज्या उदाहरणावरून तो भाग घेतला होता त्यांत आस्की ही जुनी रीत होती. ह्या रीतींत एकशें अठ्ठावीसच चिन्हें आहेत आणि सगळीं इंग्रजी लिहिण्यापुरतीं. आतां खरें म्हटलें तर प्रोग्राम थांबला हें आमचें भाग्य होतें. परंतु थांबणारें यंत्र कोणास आवडतें? तिनें शोधून एक उपाय काढला. बाइट करतांना ‘न जमल्यास बदला’ अशी एक सूट देतां येते. ती दिली, आणि प्रोग्राम सुरळीत चालला. तीनशें बारा फाइली, तीनशें बारा वेळां दोनशें एक. आम्हीं दोघांनीं चहा घेतला.

‘बदला’ ह्याचा अर्थ, जें बसत नाहीं त्याच्या जागीं प्रश्नचिन्ह घाला. आमच्या मजकुरांत बसण्यासारखें काय होतें? शब्दांमधील मोकळी जागा, स्वल्पविराम, आणि ओळ संपल्याची खूण. बाकी प्रत्येक अक्षर, प्रत्येक मात्रा, प्रत्येक अनुस्वार प्रश्नचिन्ह होऊन कोठारांत गेला. कोठाराकडे ह्यांत कसलाही दोष नाहीं. त्याला जें दिलें तें त्यानें बिनचूक सांभाळलें, आणि अजून सांभाळीत आहे. दोष नातीचाही थोडाच. “आतां जुन्या संगणकावरचें सगळें पुसून तो देऊन टाकूं का?” असें तिनें मला विचारलें होतें, आणि “टाक” असें मींच म्हटलें होतें. शाळेंत मुलगा “गुरुजी, उत्तर आलें” म्हणाला, तर मी ताळा करून पाहिल्यावांचून कधीं बरोबरची खूण केली नाहीं. घरांत मात्र केली.

चार महिन्यांनीं एका नातलगास बाळंतिणीच्या लाडवांची कृति हवी होती. नातीनें फाईल उतरवून घेतली आणि ती कांहीं बोलेना. मीं चष्मा लावून पाहिलें. पानभर प्रश्नचिन्हें होतीं, नीट ओळींत, नीट शब्दांत, जशी कवाईत. ती रडूं लागली. मला राग आला होता; पण वडिलांच्या वह्या वाळत घातलेल्या दोरीवरून ज्या दिवशीं काढल्या, त्या दिवशीं ते आईवर रागावले नव्हते, हें मला आठवलें.

येथें एक भेद सांगितला पाहिजे, कारण पुष्कळांस तो ठाऊक नसतो आणि त्यावांचून ते आपला चांगला मजकूरही फेंकून देतात. मराठी मजकूर दोन प्रकारांनीं बिघडलेला दिसतो. एका प्रकारांत पडद्यावर चमत्कारिक रोमन अक्षरें दिसतात, डोक्यावर तिरकी रेघ असलेलें लहान ‘ए’ पुनःपुन्हां येतें आणि त्याच्या पाठोपाठ एक नाण्याच्या खुणेसारखें वर्तुळ येतें. तें पाहून घाबरूं नये. तेथें बाइट जसेच्या तसे आहेत. २२४ आणि १६४ ही देवनागरीची सलामी त्यांत दिसते आहे. वाचणारानें फक्त चुकीची रीत लावली आहे. रीत बदलली, कीं मजकूर निवळून वर येतो. पुडक्यावर ‘हा साधा मजकूर आहे, युटीएफ-८ मध्यें आहे’ अशी चिठी लावण्याची सोय कोठारांत असते, ती ह्याचसाठीं. ती न लावली तर कोठार त्याला नुसते आठ-आठ बिंदूंचे गोळे समजतें आणि वाचणाराच्या यंत्राला अंदाज करावा लागतो. दुसऱ्या प्रकारांत प्रश्नचिन्हें दिसतात. तीं जर फाइलींतच असतील, तर तेथें अक्षर उरलेलेंच नाहीं. पहिला प्रकार पुसट पेन्सिलीचा आहे, दुसरा निळ्या शाईचा.

आईच्या वह्या होत्या, म्हणून बहुतेक मजकूर मीं पुन्हां उतरविला; दोन वर्षें गेलीं. पण त्या नऊ पानांचें काय? मावशी नव्हती. एके दिवशीं मी ती प्रश्नचिन्हांची फाईल उघडून बसलों असतां माझ्या लक्षांत आलें, कीं हीं चिन्हें अगदींच मुकीं नाहींत. प्रत्येक चिन्हामागें एक प्रश्नचिन्ह पडलें आहे, कमी नाहीं, अधिक नाहीं. आणि शब्दांमधील जागा शाबूत आहेत. म्हणजे शब्द गेला, पण शब्दाचें माप राहिलें. सहा प्रश्नचिन्हें असतील तेथें ‘शनिवार’ असूं शकेल. ‘ओंकारेश्वर’ असेल तर दहाच पाहिजेत. मला मावशीच्या ओळी अर्धवट आठवत होत्या. आठवलेला शब्द मी बोटांवर मोडून मोजीं आणि मापाला लावून पाहीं. बसला तर ठेवीं, न बसला तर दुसरा शोधीं. माप बसलें म्हणजे शब्द खरा, असें नव्हे. ‘पाणी’ चीं चार चिन्हें होतात आणि ‘मुठा’ चींही चारच. ‘नदी’ तीन आणि ‘दळण’ही तीनच. तेथें छंद व अर्थ पाहूनच निवाडा करावा लागे, आणि कित्येक ठिकाणीं मी तो केला नाहीं.

एका ओळीनें मला आठ दिवस छळलें. ‘दुसऱ्या’ हा शब्द तेथें होता अशी माझी खात्री होती. परंतु त्याचीं चिन्हें मोजलीं तर सात येत, आणि फाइलींत आठ प्रश्नचिन्हें होतीं. शेवटीं नातीनें उलगडा केला. आपल्या मराठींतला जो हा आडवा, पापणीसारखा ‘र’ आहे तो यंत्रावर दोन रीतींनीं लिहितां येतो. एकींत त्याच्यासाठीं नुक्ता असलेला स्वतंत्र ‘र’ आहे. दुसरींत साधा ‘र’, पाय मोडण्याची खूण, आणि त्यापुढें डोळ्यांस न दिसणारें एक सांधण्याचें चिन्ह. माझ्या जुन्या संगणकावरची कळ दुसऱ्या रीतीनें लिहीत असे. न दिसणाऱ्या त्या चिन्हाचेंही एक प्रश्नचिन्ह झालें होतें. आठ बरोबर होते. त्या दिवशीं आम्हीं पुन्हां चहा घेतला. ज्यांना आपल्या संग्रहांत शब्द शोधावयाचे असतात त्यांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. एकच शब्द दोन रीतींनीं लिहिलेला असला तर शोधणारें यंत्र एक दाखवील आणि दुसरा तेथें असूनही नाहीं म्हणेल.

नातीचा नवा प्रोग्राम आतां कसा आहे तें सांगतों. बाइट करण्याची रीत युटीएफ-८ आहे, आणि ‘न जमल्यास बदला’ ही सूट काढून टाकली आहे. न जमल्यास त्यानें ओरडून थांबावें. वस्तु पाठविल्यावर तो तीच वस्तु कोठारांतून परत मागवितो आणि मूळ मजकुराशीं अक्षरशः ताडून पाहतो. दोनशें एक ह्या पावतीवर विसंबत नाहीं. पावती पुडकें पोंचल्याची असते, पुडक्यांत काय बांधलें होतें ह्याची नसते. पाठभेद शिरलेली ज्ञानेश्वरी एकनाथांनीं शके १५०६ मध्यें पोथ्या ताडून शुद्ध केली, हें मीं वर्गांत किती वेळां सांगितलें असेल. तेंच काम येथें यंत्र पळभरांत करतें, परंतु त्याला तें करावयास सांगावें लागतें.

जुन्यावर नवें लिहावयाचें कीं नाहीं, हेंही ठरवावें लागतें. अझ्युअरचें पायथनसाठीं जें साधन आहे तें, त्याच नांवाची वस्तु आधींच असली तर नवी घेण्यास नकार देतें; ‘वर लिही’ असें स्पष्ट सांगितलें तरच जुनी जाऊन नवी येते. मला हा शिष्टाचार फार आवडला. पुष्कळ लोक हा नकार म्हणजे अडथळा समजून ‘वर लिही’ ही आज्ञा कायमची देऊन ठेवतात, आणि एके दिवशीं रिकामी फाईल भरलेल्या फाइलीवर जाऊन बसते. जुन्या आवृत्त्या राखून ठेवण्याची व पुसलेली वस्तु कांहीं दिवस न टाकण्याची सोय असते. ती सुरू आहे कीं नाहीं, हें आपण स्वतः पाहून घ्यावें.

आणखी एक, किल्लीबद्दल. कोठार उघडण्यासाठीं अक्षरांची एक लांबलचक किल्ली मिळते. नवशिके लोक ती प्रोग्रामच्या मजकुरांतच लिहून टाकतात, आणि मग तो प्रोग्राम मित्राला दाखवितात, किंवा चव्हाट्यावर ठेवतात. वाड्याच्या दिंडीला कुलूप घालून किल्ली त्याच कड्यांत अडकवून जाण्यापैकींच हें आहे. किल्ली प्रोग्रामपासून निराळी, संगणकाच्या स्वतंत्र जागीं ठेवावी, आणि फुटल्याचा संशय आला तर त्याच दिवशीं बदलावी.

प्रतींविषयीं थोडें. ह्या कोठारांत अगदीं साध्या करारानेंही प्रत्येक वस्तूच्या तीन प्रती ठेवतात. अधिक भाडें भरून दुसऱ्या गांवीं प्रत ठेवण्याची सोय निवडली, तर पुण्याच्या विभागांतील वस्तूची प्रत चेन्नईकडच्या विभागांत जाते. पूर एका गांवीं येतो, ह्या विचारानें ही योजना उत्तम आहे. शनिवारवाडा १८२८ साली सात दिवस जळत होता असें आपण वाचतों. तरीही पेशवाईचा इतिहास आपणांस एवढा कळतो, तो दप्तर राहिलें म्हणून, आणि गोविंद सखाराम सरदेसाई ह्यांनीं त्यांतून निवडलेल्या कागदांचे पंचेचाळीस खंड १९३० नंतर छापून गांवोगांव गेले म्हणून. मात्र तीन प्रती म्हणजे एकाच वस्तूच्या तीन प्रती. आमच्या प्रश्नचिन्हांच्याही त्या कोठारानें इमानानें अनेक प्रती करून ठेविल्या होत्या.

सत्तावीस ओळींपैकीं सोळा आज पुऱ्या झाल्या आहेत. त्यांपैकीं दोन मला मुळशीकडच्या एका वृद्ध बाईंनीं, मीं माप सांगतांच, म्हणून दाखविल्या. तिसरीचा शेवट त्यांना निराळा येत होता आणि मापाला त्यांचाच बसला, माझा नव्हे. अकरा ओळी अद्याप प्रश्नचिन्हांच्याच आहेत. त्यांतील चारपांच शब्द मला सुचतात, मापालाही बसतात. पण ते मावशीचे कीं माझे, ह्याची खात्री होत नाहीं, म्हणून मीं ते घातले नाहींत. ती फाईल नातीनें नव्या कोठारांत, निराळ्या नांवानें, जशीच्या तशी ठेविली आहे. आणि त्या अकरा ओळींतील प्रत्येक शब्दाची चिन्हसंख्या मीं आईच्या चौथ्या वहीच्या मागल्या कोऱ्या पानावर लिहून काढली आहे, पेन्सिलीनें. पुढील महिन्यांत मुळशीस पुन्हां जावयाचें आहे.